गाडी आहे, चालक नाही

ड्रायव्हरकाकांनी सगळी नोकरी पोलिसांच्या गाडीत काढली, पण गाडीतून उतरून कुणाचं भांडण सोडवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. शिपाई उतरायचे, काका इंजिन चालू ठेवून बसायचे. "आपलं काम न्यायचं आणि आणायचं," असं ते सांगत, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर मात्र वसाहतीने त्यांना परस्पर पोलीस करून टाकलं. ठाण्यात माणसं कमी. फोन केला की "पाठवतो" एवढंच ऐकू यायचं, आणि कुणी येईपर्यंत भांडणारे दमून घरी गेलेले असायचे. त्यापेक्षा काकांचं दार जवळ. कुणाचा कुत्रा भुंकतो, कुणी कुणाच्या दारात मोटार लावली, सगळी गाऱ्हाणी त्यांच्या बैठकीत. काका ऐकून घेत आणि "बघू" म्हणत.

"काय बघणार आहात?" काकू आतून विचारत.

समोरच्या इमारतीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांच्या डोक्यावर दातांचे डॉक्टर. डॉक्टरांच्या कुंड्यांचं गढूळ पाणी बाईंच्या दोरीवर गळायचं आणि त्यावरून कुरबुर कायमची. एका संध्याकाळी ते पाणी गिऱ्हाइकाच्या नव्या पांढऱ्या झग्यावर पडलं. बाईंचे यजमान जाब विचारायला वर गेले. दार डॉक्टरांच्या मेव्हण्याने उघडलं. शब्दाने शब्द वाढला, मेव्हण्याने ढकललं, आणि यजमान जिन्यावरून गडगडत खाली आले. भुवई फुटली. दोन्हीकडची माणसं जिन्यात जमली. मेव्हण्याच्या हातात लोखंडी गज आला. बाई धावत काकांकडे आल्या.

काकांनी ठाण्यात फोन लावला. फोनवर ओळखीची महिला शिपाई होती.

"काका, सगळे सभेच्या बंदोबस्ताला गेलेत. इथे मी आणि साहेब, दोघंच."

"गाडी?"

"गाडी दारात उभी आहे. चालवणार कोण? तुमच्या जागेवर अजून कुणी आलंच नाही."

काका स्कूटर काढून ठाण्यावर गेले. साहेब टेबलाशी बसले होते, शेजारी ती शिपाई उभी होती.

"हिला स्कूटरवर घेऊन जातो," काका म्हणाले.

"एकट्या बाईला त्या घोळक्यात स्कूटरवरून पाठवू? गाडी दिसली की निम्मे तर तिथेच पांगतात." साहेबांनी खणाकडे पाहिलं. "तुम्हाला चावी देणं नियमात बसत नाही, काका."

"मग नका देऊ."

साहेबांनी खण उघडला, चावी टेबलावर ठेवली आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

काकांनी गाडी वसाहतीत आणली आणि साहेबांचं खरं ठरलं. भोंगा ऐकून बरेचसे आपापल्या घरात शिरले. शिपाई एकटीच जिना चढली. काका सवयीने इंजिन चालू ठेवून बसले. तेवढ्यात वरून मेव्हण्याचा आवाज आला, "एकटीच आलीस?" आणि कुणीतरी हसलं.

काकांनी इंजिन बंद केलं. जिना चढून ते शिपाईच्या एक पायरी खाली जाऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही यात पडू नका," मेव्हणा म्हणाला.

"पडत नाही. उभा आहे."

शिपाईने हात पुढे केला. "गज द्या इकडे." मेव्हण्याने इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या बाजूची माणसं एव्हाना भिंतीला चिकटली होती. त्याने गज दिला. यजमानांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं, भुवईला टाके पडले. काका घरी परतल्यावर काकूंनी काही न विचारता त्यांच्या पुढ्यात पाणी ठेवलं.

डॉक्टर गप्प बसले नाहीत. निवृत्त माणसाने सरकारी गाडी चालवली, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे केली. चौकशी लागली. "चावी मीच मागून घेतली," असा जबाब काकांनी दिला. साहेबांनी तो खोडून काढला आणि चावी आपण दिल्याचं सांगितलं. साहेबांना ताकीद मिळाली. काकांना पुन्हा ठाण्याच्या आवारात गाडीजवळ न जाण्याबद्दल समज मिळाली. मेव्हण्यावर मारहाणीचा खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे.

चौकशीचा एक फायदा झाला. काकांची जागा भरली गेली. ही बातमी शिपाईनेच फोनवर दिली.

"कुठून आणला माणूस?" काकांनी विचारलं.

"शेजारच्या ठाण्यातून."

"मग त्यांची गाडी?"

"उभी आहे."

काका म्हणाले, "त्यांना सांग, अधूनमधून सुरू तरी करत जा म्हणावं. नाहीतर बॅटरी उतरेल."