दाविद मिस्त्रींची खोटी साक्ष

भूमच्या बसस्टँडमागे दाविद मिस्त्रींचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. तिथं कुठलीही जळालेली मोटर द्या, ती उद्या मिळायची. सोमवारी विचारलं तरी उद्या, शुक्रवारी विचारलं तरी उद्या. आणि हे सांगताना मिस्त्रींच्या चेहऱ्यावर इतकं प्रेम असायचं, की भांडायला आलेला माणूस चहा पिऊन परत जायचा. "तुमचीच हातात घेतलेली, सर. वार्निश तेवढं वाळू द्या," असं ते म्हणायचे, तेव्हा माझी मोटर कोपऱ्यात पोत्याखाली जशी ठेवली तशीच असायची. पोत्यातून तिची शेपटी, म्हणजे वायर, मला स्वच्छ दिसत असे. पण मीही काही बोलत नसे. मी हायस्कूलला गणित शिकवतो. खोट्या उत्तरांची मला सवय आहे.

मिस्त्री जन्मानं ख्रिस्ती. आजोबांच्या काळापासून घर मंडळीत, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, होतं, पण मिस्त्री स्वतः नाताळला नवा सदरा घालून जायचे आणि वर्षभराचं उरकून यायचे. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना देवानं गाठलं, आणि तेही पुरणपोळीच्या वाटेनं.

सोनारीकडच्या एका आजींची बोअरची मोटर त्यांच्याकडे होती. घरी कार्य होतं, दीडशे पानं उठायची होती. मिस्त्रींनी सवयीनं उद्याचा वायदा केला. आजींनी तो खरा धरला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या, मोटर न्यायला टेम्पो सांगून आल्या, आणि मिस्त्रींसाठी डब्यात पुरणपोळी घेऊन आल्या. मोटर उघडलेलीही नव्हती. आजी बराच वेळ त्या मोटरीकडे बघत उभ्या राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रींना सवय होती. पण त्या म्हणाल्या, "आणलीया तर खा बाबा. परत कुठं नेऊ?" मिस्त्रींनी समोर बसून ती पोळी खाल्ली. "सर, पैला घास नरड्यात अडकला त्यो रविवारपर्यंत खाली उतरला न्हाय," असं ते सांगत. त्या रविवारी ते उपासनेला गेले आणि पहिल्या बाकावर बसले.

त्यानंतर त्यांनी खोटं सोडायचं ठरवलं. प्रार्थनाही त्यांची धंद्यातलीच होती. "देवा, माजी जीभ शॉर्ट झालीया. हात लावंल तिथं झटका देतीया. तूच उघड आन् नवी तार भर." हे ते दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं म्हणायचे. गिऱ्हाईक दचकायचं. मग मिस्त्री त्याला सांगायचे, "तुमची मोटर म्या उघडून बी बगितली न्हाय. ह्या आठवड्यात व्हायची न्हाय." भूमच्या बाजारपेठेत असं कुणी आजवर बोललं नव्हतं. गिऱ्हाइकांना फार राग आला. माणसं मोटरी उचलून दुसऱ्या दुकानात नेऊ लागली, कारण तिथला मिस्त्री रीतसर उद्या ये म्हणायचा. मधूनच जुनी सवय उसळी मारायची. "उद्..." एवढं बाहेर पडलं की ते स्वतःच्या तोंडावर हात ठेवायचे, आणि ग्रीसचा काळा पंजा दिवसभर त्यांच्या गालावर दिसायचा. पंजा पाहून लोक ओळखायचे, की आज सैतान येऊन गेला.

आता माझं सांगतो. मी प्यायचो. शाळा सुटली की आणि सुट्टी असली की सकाळपासून. गावाला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, पोरंही वहीच्या मागच्या पानावर माझं चित्र काढायची आणि त्यात बाटली चांगली काढायची. सोडायचा प्रयत्न मी कितीदा केला याचा हिशेब गणिताच्या मास्तरालाही जमला नसता. शेवटी मी ठरवून टाकलं होतं, की आपण सोडणाऱ्यांतले नाही. असं ठरवलं की फार बरं वाटतं. मग प्यायला कारण लागत नाही.

एका रविवारी मी मिस्त्रींना मोटरीसाठी धरायचं म्हणून गेलो. दुकान बंद. मी तडक त्यांच्या मंडळीच्या पत्र्याच्या शेडमध्ये घुसलो. डोकं आदल्या रात्रीचं ठणकत होतं. आत साक्षी चालल्या होत्या. देवानं आपल्याला कशातून सोडवलं ते माणसं उभी राहून सांगत होती. नळदुर्गच्या एका ट्रक ड्रायव्हरनं नुकतीच दारू, मटका आणि दोन संसार अशी साक्ष देऊन जागा घेतली होती आणि लोकांचे डोळे भरून आले होते. मग दाविद मिस्त्री उठले.

"म्या बी प्यायचो," ते म्हणाले. "बारा वर्सं. गटारीत पडलो. घरात भांडं ठिवलं न्हाय. हिला," त्यांनी बायकांच्या बाजूला बोट केलं, "हिला जनावरावानी मारलं. त्या दारूचा गोड वास आला की पाय आपोआप वळायचे. येका दिवशी गुडघ्यावर बसलो आन् म्हणलो, येशूबाप्पा, ह्यो हात धर. त्यानं धरला. त्या दिसापासून थेंब न्हाय."

मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो. रडत होतो असंही म्हणता येईल. हा काळा पंजा उमटलेला माणूस, हा सोडू शकतो, तर मी? 'गोड वास' एवढं मला खटकलं होतं, पण मला वाटलं त्यांचा ब्रँड वेगळा असेल. उपासना सुटल्यावर मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "मिस्त्री, मी आजपासून सोडली." मिस्त्री माझ्याकडे भूत बघावं तसे बघत राहिले.

आणि सुटली. पाच महिने सुटली. हात थरथरायचे, झोप यायची नाही. मग मी दुकानात जाऊन मिस्त्रींना विचारायचो, "तुम्हाला असं व्हायचं तेव्हा काय करायचा?" मिस्त्री घाम पुसायचे आणि म्हणायचे, "जरा आठवून सांगतो." दुसऱ्या दिवशी अगदी बरोबर उत्तर यायचं: गूळ खा, चालायला जा, एकटं बसू नका. पुढं कळलं, की ते दर वेळी नळदुर्गच्या ड्रायव्हरला फोन करून विचारत होते.

पाच महिन्यांनी एका शनिवारी दुपारी मिस्त्री घरी आले. बायको माहेरी गेली होती. पाणी दिलं ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

"सर, म्या जल्मात दारू प्यालेलो न्हाय."

मला आधी कळलंच नाही.

"ती साक्ष खोटी हुती. माज्या आदी त्यो ड्रायव्हर उठला. काय साक्ष हुती त्याची! त्याच्यापुडं म्या काय सांगू? गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणायचो? मान्सं उठून गेली असती. तोंड उघडलं आन् जुनी सवय, सर. येक निघालं, त्याच्यामागं दुसरं निघालं."

"मग आज कशाला सांगताय?"

"आमची राहेल उपासनेला येईना. सगळ्या बाया तिला म्हणत्यात, लई सोसलंस गं बाई. कुणी तेल आणून देतं पाठीला लावायला. म्या कदी बोट लावलं न्हाय तिला. ती म्हणतीया, येक तर खरं सांगा, न्हाय तर मला येकदा हाणा, म्हंजी साक्ष तरी खरी हुईल. उद्या उपासनेत समद्यांफुडं सांगणार हाय. पर तुमाला आदी सांगावं म्हणलं. मंडळीच्या पाळकसायबांना इचारलं, त्ये म्हणले, राहू दे दाविद, मास्तरचं भलं झालंय, कशाला उकरतूस. पंधरा दिस झोपलो न्हाय, सर. तुमी पिणार का परत?"

"पिणार," मी म्हणालो, आणि चपला घातल्या.

 तोंडाला येईल ते मी त्यांना वाटेत बोललो, त्यातलं निम्मं इथं छापता येणार नाही. मिस्त्री मान खाली घालून माझ्यामागं चालत राहिले. परमिट रूममध्ये मी बसलो तर तेही समोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते तिथं आले होते. वेटरनं त्यांना काय घेणार विचारलं तर म्हणाले, "देवाचं नाव." वेटर चखण्याची यादी सांगू लागला. क्वार्टर आली. मिस्त्रींनी ग्लास उचलून हुंगला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"ह्याला असा वास असतूय व्हय? म्या तर गोड सांगितला हुता."

मला हसू आलं नाही. आज येतं. मी म्हणालो, "तुमच्या भरवशावर सोडली होती मी. तुम्ही सोडली म्हणून सोडली."

"माज्या भरवशावर?" मिस्त्री खरंच विचारात पडले. कपाळावर आठ्या घालून ते माझ्याकडे बघत राहिले, बिघाड सापडत नसला की मोटरीकडे बघायचे तसे. मग हळूच म्हणाले, "सर, माजी तार तर तुटलेली हुती. त्यात करंटच नव्हता. मग तुमच्या घरात पाच म्हयनं दिवा कसा लागला?"

मी ग्लास संपवला. उत्तर टाळायला त्याच्याइतकं सोयीचं काही नसतं. पण दुसरा भरला नाही. "म्या कच्चा खांब हाय," मिस्त्री सांगत होते, "माज्या नावावर पिऊ नका आन् सोडू बी नका. ज्यानं पाच म्हयनं धरलं त्याला हुडका." मग भर परमिट रूममध्ये, शेंगदाण्यांच्या बशीवर हात जोडून, ते मोठ्यानं प्रार्थना करू लागले. शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी घाईनं बिल मागवलं.

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या खिडकीबाहेर उभा होतो. आत जायची लाज वाटत होती. मिस्त्री उठले आणि सगळं सांगितलं. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं. ते थांबले नाहीत. "माज्या खोट्यानं येक माणूस सुटला, आन् काल माज्या खऱ्यानं त्यो प्याला," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "देवा, ह्यातलं वायरिंग मला कळंना. माजी अक्कल संपली. त्याचं तू बग." त्यांनी वर छताच्या पत्र्याकडे असं पाहिलं, की मीही बाहेरून वर पाहिलं. राहेलकाकू त्या दिवशी बायकांच्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत, ताठ मानेनं. मी चपला काढून आत गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो.

त्यानंतर मी प्यालो नाही. ख्रिस्ती झालो म्हणावं तर सोनारीच्या भैरवनाथाला अजून जातो, आणि रविवारी शेवटच्या बाकावरही बसतो. दोघांपैकी कुणाचीही अद्याप तक्रार आलेली नाही. पाळकसाहेबांची आहे. पण दिवा कसा लागला, त्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल, तर मिस्त्रींचं म्हणणं मला पटतं. करंट त्यांचा नव्हता, आणि माझा तर नव्हताच.

मागच्या वर्षी मिस्त्रींच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवलं. घरी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की त्यांना सांगायचं नाही. ऑपरेशन झकास झालं, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. जावयानं गाठ केवढी निघाली तेही बोटांनी दाखवलं. राहेलकाकू दिवसभर हसत हसत पेज भरवायच्या. साऱ्या आयुष्यात मिस्त्रींनी मारल्या नसतील तेवढ्या थापा त्या तीन आठवड्यांत त्या एका खोलीत मारल्या गेल्या, आणि सगळ्या प्रेमानं.

मी भेटायला गेलो तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं. हातात काही जोर उरला नव्हता.

"सर, माजं काय खरं न्हाय. व्हय ना?"

मी खिडकीकडे पाहिलं. उठाल हो, असं अगदी जिभेवर आलं होतं. मग तो शनिवार आठवला. माझ्या घरात पाणी तसंच हातात धरून राहिलेला हा माणूस आठवला. त्याला भीती होती की मी पिईन, तरी त्यानं सांगितलं होतं.

"नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "डॉक्टरांनी काही केलेलं नाही. उघडून नुसतं शिवलंय."

त्यांनी डोळे मिटले. छाती तेवढी वरखाली होत होती. मला वाटलं, मी माणूस मारला.

"भ्या वाटतंय, सर," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पर बरं केलं. आता देवासंगं नीट बोलता यील. रोज त्याला म्हणत हुतो, लवकर उठीव, कामं पडल्यात. त्यो बी गप बसायचा बिचारा." त्यांनी माझं मनगट सोडलं. "राहेल बाहीर हाय ना? तिला सांगा, दाविदला समदं कळलं म्हणावं. आता रड. तीन आठवडं हसतीया, गाल दुखलं असतील तिचं."

काकू पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. मी सांगितलं. त्यांनी जुडी तशीच खाली ठेवली, पदर तोंडाशी नेला, मग काढला, आणि तशाच आत गेल्या. त्यांचा हंबरडा फुटला, आणि पाठोपाठ मिस्त्रींचंही रडणं ऐकू आलं. मी दार ओढून घेतलं आणि राहिलेली मेथी निवडत बसलो.