उलटा निजलेला ओस्मुन

हाउगेनची गुनवर कोणाशी गोड बोलली, असे डाकोटाच्या त्या माळावर कोणाला आठवत नव्हते. शेजारणीने कॉफी दिली, तर ती आधी पेल्यात वाकून बघे. टेकडीवरच्या कबरस्तानातली पहिली कबर मात्र तिच्याच नवऱ्याची, ओस्मुनची होती.

माळावरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो छाती भरून गेला. बाहेर हिमवादळ घोंगावत होते. पुरायला मदत मागायला गुनवर चाचपडत शेजारच्या तोर्गर बोएनच्या घरापर्यंत गेली. वादळ थांबल्यावर बघू, असे त्याने आतूनच सांगितले. कडी काही काढली नाही. मग तिने बैलगाडीच्या फळ्या उचकटून पेटी ठोकली, कुऱ्हाडीने गोठलेली माती फोडली आणि एकटीने नवऱ्याला पुरले. आभाळ निवळले तेव्हा कळले, दिशा चुकली होती.

माळावरच्या त्या ख्रिस्ती लोकांत मेलेल्याचे पाय पूर्वेला करतात. जगाच्या शेवटच्या दिवशी सगळे कबरीतून उठतील, तेव्हा तोंडे उगवतीकडे हवीत. उलटा निजतो तो फक्त पाद्री, कारण उठताच त्याला आपली मंडळी समोर दिसायला हवी. आणि इथे बैलांना शिव्या घालण्यात हयात गेलेला ओस्मुन पाद्रीबुवांच्या थाटात निजला होता.

पुढे चर्च झाले, कुंपण आले, आणि तोर्गर कबरस्तानाचा कारभारी झाला. एका रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पिताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रवचन आता ओस्मुनकडूनच ऐकायचं का?" बायका पदराआड हसाव्यात तशा रुमालाआड हसल्या. ओस्मुनला उकरून सरळ करायचे ठरले. गुनवर पेला तसाच ठेवून उठली.

माणसे फावडी घेऊन आली, तेव्हा ती कबरीवर गाईची धार काढायचे स्टूल टाकून मोजा विणत बसली होती.

"ऊठ, गुनवर," तोर्गर म्हणाला. "त्याला नीट करायला आलोय."

"फावडं सापडायला फार वर्षं लागली तुला."

"वादळात कोण दार उघडतं?"

"कोणीच नाही. म्हणून तर तो उलटा पडला." तिने सुईने समोरची मोकळी जागा दाखवली. पहिल्या रांगेतली ती जागा तोर्गरने स्वतःसाठी धरून ठेवली होती. "इथं तूच निजणार ना? मग राहू दे त्याला असाच. त्या दिवशी तू डोळे उघडलेस की समोर तोच उभा. त्या कडीबद्दल बोलायचंय त्याला तुझ्याशी."

मागे कोणीतरी हसू दाबायला खोकले. तोर्गरने टाचेने माती दाबून पाहिली आणि जमीन फार कडक आहे म्हणाला. जून महिना होता.

पुढे कोणी फावडे आणले नाही. पानगळ लागायच्या आत तोर्गरने आपली जागा बदलून पार कुंपणाच्या कोपऱ्यात घेतली. तिथे पाणी साचते, हे त्यालाही ठाऊक होते.

गुनवरने त्याला मुद्दाम निरोप धाडला, की कोपरा काही लांब नाही. ओस्मुनचा आवाज बैल हाकणाऱ्याचा आहे.