नळापुढचे दगड

सांगलीहून निघाले तेव्हा मी पार हुरळले होते. दिवाळीच्या सुट्टीत एका मोठ्या अर्थतज्ज्ञ डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे कॉलेजातल्या माझ्यासारख्या मास्तरणीला पर्वणीच. विषय भारदस्त: संस्था, संघर्ष आणि आर्थिक विकास. संस्था म्हणजे इमारती नव्हेत, लोकांनी पाळायचे नियम. नियम नसले की माणसं भांडतात आणि भांडली की गरीब राहतात, असं डॉक्टरांचं म्हणणं. तोवर मलाही ते पटलेलं होतं.

घाटकोपर स्टेशनाबाहेर डॉक्टर भेटले. बरोबर घडीचं टेबल आणि दोन खुर्च्या. "संशोधन उभ्याउभ्या होत नाही," म्हणाले आणि टेबल माझ्या हातात दिलं. कोपऱ्यावर वडापाव खाल्ला. चटणी अशी तिखट की डोळ्यांत पाणी आलं, पण झकास. डॉक्टरांनी पाव बाजूला काढून नुसता वडा खाल्ला आणि तेवढ्यात गरिबांच्या आहारावर मला व्याख्यानही दिलं.

रिक्षा चढली तिथवर रिक्षा, मग गटाराच्या कडेनं टेकडीची वाट. अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वर पोचल्यावर मात्र सगळं उपनगर दिसलं. कारखान्यांची धुराडी, पत्र्याची छपरं, आणि विमानं उतरायची ती इतकी खालून की बोलणं थांबवावं लागे. डॉक्टरांचं बोलणं थांबायचं, म्हणून मला ती विमानं आवडली.

वस्तीला नळ एकच. पाणी चारला येणार, तेही तासभर. नळापुढे तेवढीच एक सपाट जागा, आणि तिच्यावर दगडधोंडे पडलेले: अर्धी वीट, पाट्याचा तुकडा, चेपलेला तेलाचा डबा.

"हा कचरा जरा बाजूला करा," डॉक्टर म्हणाले.

मी पदर खोचला, सगळं उचलून भिंतीकडेला ढीग घातला आणि टेबल मांडलं.

चारच्या सुमारास बायका हंडे घेऊन आल्या. पुढे सुशीलाबाई. मूळच्या सावंतवाडीकडच्या, नवरा गिरणीच्या संपापासून घरी बसलेला. नळाजवळ येऊन त्या थबकल्या.

"माझो पाट्याचो तुकडो खंय गेलो?" (कुठे गेला?)

मी ढिगाकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ते आमचे नंबर होते. सकाळी कामाला जाताना आम्ही ते ठेवतो. दोन वर्षांत कोणी बोट लावलं नाही. त्याआधी इथे डोकी फुटलीत. आज माझा पहिला होता. घरात बाळंतीण, उद्या नातवाचं बारसं."

तेवढ्यात नळ आला. जी ती पुढे घुसली.

"तुझा डबा माझ्या मागे होता गं."

"चल, मागे कसा? तू तर उशिरा आलीस."

हंड्यावर हंडा आपटला, एकीनं दुसरीच्या झिंज्या धरल्या. निम्मं पाणी चिखलात गेलं. डॉक्टर खुशीत लिहीत होते. "बघा, नियमांचा अभाव. याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही."

"डॉक्टर, नियम होता. तो मी भिंतीकडेला टाकला."

"भावनिक होऊ नका. कुठे लेखी आहे का?"

आणि लिहून हात दुखला म्हणून साहेब खाली टपरीवर चहाला गेले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

ते गेले आणि सुशीलाबाईंनी आपला हंडा खाली ठेवला. "गप गं सगळ्या. आपल्या पुढे कोण होतं, एवढंच एकेकीनं सांगा." एकेक जण सांगू लागली. वीट डब्याच्या मागे गेली, डबा दुसऱ्या विटेच्या. पहिल्या नंबराला मात्र पुढे कोणी नसतं. तेव्हा पलीकडच्या गल्लीतली शकुंतला बोलली. डोकी फुटली त्या भांडणात ती सुशीलाबाईंच्या विरुद्ध बाजूला होती.

"हिच्या मागे मी होते. हिला भरू दे."

रांग लागली. वेळ गेलेला, म्हणून प्रत्येकीनं एकच हंडा घ्यायचा असं ठरलं. सुशीलाबाईंनीही एकच घेतला. बारसं त्यांनी जागच्या जागी पुढे ढकललं.

मी माफी मागितली. मला खरंच लाज वाटत होती.

"तुमका म्हायत नाय होता," त्या म्हणाल्या. "पण इचारूचा तरी, बाय." (विचारायचं तरी.) मग घरी नेऊन त्याच हंड्यातलं पाणी त्यांनी मला तांब्याभर दिलं. नको म्हणायची सोय नव्हती. मी ते प्यायले.

डॉक्टर चहा पिऊन परतले तेव्हा नळापाशी कोणी नव्हतं. "आजचं काम छान झालं," म्हणाले. खाली उतरताना शकुंतलेचं आणि एकेक हंड्याचं मी त्यांना सगळं सांगितलं. टेबल पुन्हा माझ्याच हातात.

उन्हाळ्यात सांगलीला त्यांचा अहवाल आला, गुळगुळीत कागदावर. नळाला अख्खं एक पान दिलेलं. पाणीवाटपाचा कोणताही नियम वस्तीत आढळला नाही, असा निष्कर्ष. शकुंतलेचं नाव नाही, एकेक हंड्याचं नाही. शेवटच्या पानावर 'मोलाच्या मदतीबद्दल' माझे आभार मानले होते.

सबंध अहवालात तेवढं एक वाक्य खरं आहे. दगड मीच उचलले होते.