पेटवला की पेटला

गाव जळत असताना शुद्ध भाषेची काळजी करणारा माणूस साऱ्या चांदा जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीचा नवरा निघाला. त्या उन्हाळ्यात जंगलातला वणवा गावात शिरला, तेव्हा शेजारचा डोमाजी "इस्तो लागला, धावा" असं बोंबलत आला. मावसाजींनी हातातली बादली खाली ठेवली आणि म्हणाले, "इस्तो नव्हे, विस्तव. आणि विस्तव लागत नाही, आग लागते." तेवढ्यात त्यांच्याच गोठ्याचं छप्पर गेलं. मावशी जन्मभर म्हणायची, या माणसाचं व्याकरण वाचलं आणि माझी गाय उघड्यावर आली.

मावसाजी गावातले शाळामास्तर. जीव कोणाचा गेला नाही, पण अर्ध्या गावाची छपरं आणि तणसाचे ढीग राख झाले. लोक बांबू-गवताच्या मागे लागले आणि हे महाशय दौत-टाक घेऊन घरोघर प्रत्येकाची आगीची हकीकत लिहीत सुटले. नातवंडांना कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. सांगितलेला मजकूर बदलायचा नाही, व्याकरण तेवढं सुधारायचं, हा बाणा. बरं, लिहून थांबावं की नाही? सवयीनं खाली लाल शाईनं गुणही द्यायचे. "घर जळलं, दुसरं काय" एवढंच सांगणाऱ्या डोमाजीला दहापैकी दोन मिळाले. ते त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं आगीतून वाघ काढला आणि तो वाघ आपल्याकडे बघून रडला म्हणून सांगितलं. मिळाले आठ. झालं, आठवड्याभरात वहीत घरागणिक एक वाघ आला. एक तर विहिरीवर पाणी शेंदू लागला होता.

वाघ नव्हता तो फक्त तानीबाईच्या पानावर. एकटी म्हातारी, मोहफुलांवर जगायची. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची तिकडे सगळ्यांचीच रीत. ती ओट्यावर बसून म्हणाली, "मोहाखालचा पाला म्याच पेटवला, गुरुजी. वारा सुटन हे मले काय ठाऊक?" मावसाजींनी ‘म्याच’चं ‘मीच’ केलं आणि दहापैकी दहा दिले.

वहीची कीर्ती जंगलखात्याच्या एका साहेबापर्यंत गेली. आग लावणाऱ्याला तुरुंगात धाडायचं म्हणून तो जीप घेऊनच आला. जीप अंगणात शिरली तशी मावशी कुजबुजली, "अवो, त्या म्हातारीचं पान?" मावसाजींनी दाढीचं पातं घेतलं आणि एकच अक्षर खरवडलं.

साहेब एकेक वाघ वाचून मेटाकुटीला आला आणि तानीबाईच्या पानावर अडला. "‘पाला मीच पेटला’? हे कसलं मराठी, गुरुजी?"

लग्नपत्रिकेतली वेलांटी चुकली म्हणून पंगतीतून उठून गेलेला हा माणूस. मान खाली घालून म्हणाला, "माझं व्याकरण कच्चं आहे, साहेब."

साहेब हसला, पाला आपोआपच पेटला असं त्यानं धरलं, असल्या मास्तरांमुळेच पोरं अडाणी राहतात म्हणाला आणि गेला. मावसाजी त्या दिवशी जेवले नाहीत. तानीबाई मात्र पुढे पाला खराट्यानं झाडायची आणि दर उन्हाळ्यात पहिली मोहफुलं त्यांच्या ओट्यावर ओतून जायची.

आता दोघंही नाहीत. वही माझ्याकडे आहे. ‘व’ खरवडला तिथला कागद पातळ झालाय, आणि तानीबाईच्या दहा गुणांखाली मावसाजींनी लाल शाईनं लिहून ठेवलंय, ‘लेखनिक: शून्य’. मीही पुढे मास्तरकीच केली. ते शून्य पुसून तिथे दहा लिहावेत असं कितीदा मनात येतं. पण मावसाजींच्या वहीत खाडाखोड चालत नाही.