निळा दोरा आणि तीन लाख शब्द

आमच्या वहिनीच्या मनगटावर कायम एक दोरा असतो. त्यात श्रद्धा-बिद्धा काही नाही, तो कामाचा दोरा आहे. लाल असला की घरात खून चाललाय. पिवळा असला की लहान मुलांची गोष्ट. आणि निळा असला की बाबा.

वहिनी कपडे अल्टर करायच्या दुकानात काम करते. कुणाची कंबर सुटली की सैल करायचं, कुणी डाएट केलं की आत घ्यायचं, आणि मग दोन महिन्यांनी त्याच माणसाचं परत सैल करायचं. उरलेल्या वेळात ती लिहिते. हा उरलेला वेळ कुठून येतो ते मला विचारू नका, मी त्याच घरात राहते आणि मला तो आजवर सापडलेला नाही. मी दिवसभर दाताच्या दवाखान्यात फोन उचलते, लोकांचं कण्हणं ऐकते आणि घरी येऊन आडवी पडते. ही बाई सहा तास मशीनवर बसून येते आणि जुन्या लॅपटॉपसमोर परत बसते.

तिनं ठरवलं होतं, एका वर्षात तीन लाख शब्द. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला ती शिवणाच्या खडूनं आकडा लिहायची आणि दर आठवड्याला पुसून नवा घालायची. पहिल्या वर्षी उन्हाळ्यातच गाडं अडलं. दुसऱ्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत आकडा कुणी पुसलासुद्धा नाही. हे तिसरं वर्ष.

"कशाला हा डोक्याला ताप?" मी एकदा चिडून विचारलं. "कुणी मागितलेत का तुझ्याकडे तीन लाख शब्द?"

"दिवसभर दुसऱ्यांच्या मापाचं करते गं," ती म्हणाली. "माझ्या मापाचं एक तरी पुरं होऊ दे."

मी कपाटाचं दार धाडकन लावून घेतलं.

दोऱ्यांची भानगड सुरू झाली ती एका सुरीपायी. तिची लाल गोष्ट म्हणजे एका पोहण्याच्या तलावावर झालेला खून आणि त्याचा तपास करणारी निवृत्त पोस्टमास्तरीण. पिवळी म्हणजे एका कोटाची गोष्ट. तो कोट या मुलाकडून त्या मुलाकडे फिरत राहतो. वहिनी दोन्ही एकाच दुपारी लिहायची. एकदा दादानं कोटाची गोष्ट वाचायला घेतली आणि वाचता वाचता ओरडला, "अगं, या पोराच्या खिशातून रक्तानं माखलेली सुरी निघालीय!" वहिनीनं कपाळाला हात लावला. मी तर हसून हसून लोळले. दुसऱ्या दिवशी ती दुकानातून तीन रिळं घेऊन आली. आता ज्या गोष्टीवर बसायचं तिचा दोरा आधी मनगटाला बांधायचा, मगच पहिला शब्द.

आणि हिशोब काय कडक! कापलेले शब्द वजा. अर्ज, चिठ्ठ्या, दुकानासाठी लिहिलेल्या पाट्या मोजायच्या नाहीत. वर्ष उतरणीला लागलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खुनी कोण ते तिसऱ्याच प्रकरणात कळतंय. तिनं वीस हजार शब्द उडवले आणि खडूनं आकडा कमी केला.

"अगं, वर्ष संपल्यावर काप ना!" दादा विनवायला लागला. "तेवढं दोन महिने राहू दे तसंच. कुणाला कळतंय?"

"मला," वहिनी म्हणाली. मला तिचा इतका राग आला होता, की मी तिच्या वाटचा चहासुद्धा पिऊन टाकला.

राहिला निळा दोरा. आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. गावभरच्या इमारतींत माणसं अडकली, की जेवणावरून उठून जायचे. झटक्यानंतर त्यांची वाचा गेली. पुढं एकेक शब्द परत यायला लागला, पण फार हळू. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. आता सांगा, थांबणं आमच्या रक्तात आहे का? बाबांनी 'पा' म्हटलं की मी पाणी आणायची आणि दादा पायावर पांघरूण घालायचा. बाबा भिंतीकडे तोंड फिरवून घ्यायचे.

वहिनी मात्र थांबायची. निळा दोरा बांधून त्यांच्या पलंगाशी बसायची, दुकानातल्या गमती सांगायची, मधेच एखादा प्रश्न टाकायची आणि मग गप्प. त्यांच्या तोंडून येईल तेवढंच लिहायची, एक अक्षर पदरचं घालायची नाही. कधी 'वंगण' एवढंच, कधी 'चौथा मजला'. लाल दोऱ्याला जेवढ्या वेळात पानंच्या पानं भरायची, तेवढ्यात निळ्याला एक ओळ. तीन लाखांच्या मागे लागलेल्या माणसाला हा धंदा परवडणारा नव्हता, पण तिनं तो एक दिवस सोडला नाही. मला तिच्यासारखं बसता आलं नाही, म्हणून मी लांबूनच बघत राहायची.

वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा दीड हजार शब्द कमी होते. तिच्या हातासाठी हे काहीच नव्हतं. कोटाची गोष्ट रंगात आली होती, दुकान बंद होतं. जेवण झाल्यावर तिनं पिवळा दोरा बांधला. मी दाराबाहेर पहारा द्यायला बसले, म्हटलं, आज हिला कुणी हाक मारून बघावीच.

हाक बाबांनीच मारली. "दा..."

"दादा बाजारात गेलाय, बाबा!" मी ओरडले.

"दा... दा..."

वहिनी उठली. "अगं बस ना!" मी तिला अक्षरशः दटावलं. "मी बघते त्यांच्याकडे. आज तरी बस!" तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पिवळा दोरा तोडला, निळा बांधला आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या पलंगाशी जाऊन बसली.

"दार," बाबा म्हणाले.

दार लावायचंय की उघडायचंय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. वहिनीनं हातानंच मला गप्प केलं. आणि मग ती दुपार सरकायला लागली. बाबांच्या कपाळावर घाम, ओठ थरथरतायत, शब्द येतोय, परत आत जातोय. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं. दादा पिशव्या घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. अंधारून येईपर्यंत वहिनीनं लिहिलं ते एवढं:

"दार उघडायला वेळ लागतो. तोवर बाहेरच्यानं बोलत राहायचं. जायचं नाही."

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी आमचे बाबा फटीला तोंड लावून बोलत बसायचे, हे आम्हा पोटच्या पोरांना ठाऊक नव्हतं.

"दमलात, बाबा," वहिनी म्हणाली. "आता पुरे, मी दिवा लावते." ती उठायला लागली, तशी बाबांनी धड असलेल्या हातानं तिचं मनगट धरलं, निळ्या दोऱ्यावरच. या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही.

"तू गेली नाहीस."

मला रडू फुटलं. दादानं तर पिशव्या तिथंच टाकल्या आणि तोंड फिरवलं. वहिनी परत खाली बसली, डोळे पुसत पुसत ते तीन शब्द लिहिले आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखवले. बाबांनी मान हलवली.

"तेरा," मग ती मला म्हणाली. "मी इथून उठत नाही. तू जाऊन लिही."

मी कपाटाचं दार उघडलं, जुना आकडा पुसला आणि खडूनं त्यात तेरा मिळवले. तीन लाख काही झाले नव्हते. त्या आकड्याला आम्ही परत कधी फडकं लावलेलं नाही.