चारशेची फिल्म, कळशीभर पाणी

किस्से जमवावे लागत नाहीत हो. तीन माणसं एकाच न्हाणीत बसून फिल्म धुवायला लागली की ते आपोआप साचतात. आमचे फोटो फार थोडे चांगले आले. किस्सा मात्र एकही वाया गेला नाही.

न्हाणी देशमाने सरांची. खिडकीला गोधडी टांगली की झाली डार्करूम. सर नगरच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दुसरा रसूल, घड्याळं दुरुस्त करायचा आणि जमेल तसे आमचे कॅमेरेही. तिसरा मी, कचेरीतला कारकून. मला दोघांचंही पटायचं, म्हणून दोघंही मला बिनकामाचा समजायचे.

सरांना पुण्याच्या एका प्रदर्शनात फोटो लावायचा होता. त्यासाठी काय वाटेल ते करायची तयारी होती. अट एकच: फोटो रस्त्यावरचा हवा आणि त्यातल्या कुणालाही तो निघतोय याचा पत्ता नको. एकाहत्तर-बहात्तर साली नगरमध्ये ही अट पाळणं किती अवघड आहे, हे त्या पुणेकरांना कुणी सांगितलं नसावं.

*

सर पंचवीसच्या फिल्मचे. पंचवीस म्हणजे संथ फिल्म, तिला उजेड भरपूर लागतो, पण दाणा, म्हणजे फोटोतला ठिपका, इतका बारीक की माणसाच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्या. रसूल चारशेचा. ती अंधारातही काम करते, पण दाणा जाड. यावरून दोघांची रोज जुंपायची.

एका सकाळी सर पंचवीसची फिल्म घालून दाळमंडईच्या गल्लीत शिरले. उजेड कमी, म्हणून शटर सावकाश. फिल्म धुतल्यावर बघतो तर हमाल गेले वाहून, हातगाड्या गेल्या वाहून, सगळी गल्ली नुसती धूसर. अख्ख्या रोलमध्ये शार्प फक्त एक गाढव. ते झोपलं होतं.

"पण कान बघा," सर म्हणाले. "एकेक केस दिसतोय."

रसूल म्हणाला, "सर, सगळ्या नगरात तुमच्या फिल्मला साथ देणारं तेवढंच भेटलं."

*

हलणारी माणसं शार्प येत नव्हती. आणि कॅमेरा दिसला की माणसं हलत नव्हती.

दिल्ली गेटापाशी पाथर्डीकडचा एक गडी रस्त्यावर बसून दाढी करून घेत होता. अर्धी झाली होती. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला मात्र, गडी उठला. फेस तसाच. टोपी घातली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि हात खाली सोडून ताठ उभा राहिला. न्हावीही शेजारी उभा, वस्तरा छातीशी धरून.

सर म्हणाले, "अहो, तुम्ही बसा. माझ्याकडे बघू नका."

"मंग फोटू कुनाचा काढताय?"

"तुमचाच."

"आन् कवा देनार?"

"द्यायचा नाही. प्रदर्शनाला पाठवायचाय."

गड्यानं जरा विचार केला. "म्हंजी मी बगायचं न्हाई, मला द्यायचा न्हाई. मंग माजा कशापायी? ह्याचा काढा." असं म्हणून त्यानं न्हाव्याला पुढं ढकललं.

सरांनी काढला. नाही म्हणायला सर शिकलेच नव्हते. पुढं वर्षभर तो न्हावी दिसला की सर रस्ता बदलायचे.

*

मग रसूलची पाळी. चारशेची फिल्म घालून तो दिवेलागणीला कापडबाजारात फिरला. उजेड पुरला नाही म्हणून फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवली; दाणा आणखी जाड झाला. एका म्हाताऱ्या पानवाल्याचा चेहरा मोठा करून प्रिंट काढला. पानवाला रसूलकडे बघत नव्हता, हे खरं.

सरांच्या पत्नी, कमलवहिनी, कळशी न्यायला आल्या होत्या. त्यांनी प्रिंट हातात घेतला, उजेडाला धरला.

"छान आलीय. कुणाच्या अंगणातली?"

"काय?"

"बाजरी. वाळत घातलीय ना?"

रसूल म्हणाला, "वहिनी, तो माणूस आहे."

"असेल," वहिनी म्हणाल्या आणि कळशी घेऊन गेल्या.

*

डेव्हलपर आम्ही घरीच करायचो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स, सगळं सोनाराच्या काट्यावर तोलून. एकदा गावात बोरॅक्स मिळेना. सर म्हणाले, "खारच हवा ना? खार घरात आहे." आणि वहिनींच्या डब्यातला पापडखार घेऊन आले. फिल्म बरी निघाली, जरा भडक. सर इतके खूश झाले की डबा संपेपर्यंत प्रयोग करत राहिले.

त्या वर्षी पापड कसे झाले हे आम्ही विचारलं नाही. वहिनींनीच ते आमच्या पानात वाढले आणि समोर बसून राहिल्या.

सर बराच वेळ चघळत होते. "चांगले आहेत," म्हणाले. "थोडा काँट्रास्ट कमी पडलाय."

*

डेव्हलपर थंड लागतो. गरम झाला की फिल्मवरचा लेप सुटतो. रसूलनं शक्कल काढली, बाटली दोरीला बांधून शेजारच्या आडात सोडायची. उन्हाळा मजेत चालला होता. एक दिवस बाटली वर ओढली तर गरम. दोरी आखूड बांधलीस म्हणून सरांनी रसूलला झापलं. रसूलनं दोरी वाढवली. पुन्हा गरम. शेवटी मी आडात वाकून बघितलं. बाटली हवेत लोंबत होती आणि खाली लांबवर नुसता चिखल होता.

दुष्काळ पडलाय हे पेपरात येतच होतं. आमच्यापर्यंत तो डेव्हलपर गरम निघाला तेव्हा पोचला.

*

नळ बंद पडले. कोपऱ्यावर टँकर यायला लागला. सर शाळेत असायचे, त्यामुळं पाण्याला वहिनीच जायच्या. आणि फिल्म धुवायची तर पाणी हवंच.

वाद आता नव्या अंगानं पेटला. कमी पाण्यात कोणती फिल्म नीट धुतली जाते? सर म्हणाले पंचवीसची, तिचा लेप पातळ. रसूल म्हणाला चारशेची, कारण तुमचे चार रोल फुकट जातात तेव्हा माझ्या एकात काम होतं. दोघं न्यायाला वहिनींकडे गेले.

वहिनी म्हणाल्या, "एक कळशी मिळेल. फिल्म कुठली ते तुमचं तुम्ही बघा."

शेवटी तडजोड झाली. फिल्म रसूलची, डेव्हलपर सरांचा, बारीक दाण्याचा. आणि खोटं कशाला सांगू, जोडी झकास जमली. एवढे दिवस भांडलो कशाला, तेच कळेना.

*

प्रदर्शनाला फोटो पाठवायची मुदत संपत आली. रोल जवळजवळ भरला होता, पण त्यात सगळी ताठ उभी राहिलेली माणसं. सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

त्या दुपारी रसूल आणि मी त्यांच्या घरी वाट बघत बसलो होतो. सर शाळेतून आले ते धावतच. "मिळाला," म्हणाले. "टँकरपाशी. एवढी गर्दी, पण एकानंही माझ्याकडे बघितलं नाही." आणि चपला न काढता न्हाणीत शिरले.

थोड्या वेळानं वहिनी आल्या. केस सुटलेले, एका हातातल्या बांगड्या फुटलेल्या, कोपरातून रक्त येत होतं. कळशी अर्धी.

"वहिनी, काय झालं?" मी उठलोच.

"काही नाही. पाणी कमी होतं, बायका जास्त."

न्हाणीतून सरांचा आवाज आला, "पाणी आलं का? फिल्म धुवायचीय."

वहिनींनी कळशी न्हाणीच्या दाराशी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रिंट काढायला बसलो. लाल दिव्याखाली कागदावर चित्र हळूहळू वर आलं. आधी टँकर, मग बायकांचा घोळका, मग मधोमध वहिनी. एकीनं त्यांची वेणी धरून मागं ओढली होती. दुसरी कळशीला लोंबकळत होती. वहिनींनी कळशी पोटाशी घट्ट धरली होती आणि त्यांचं तोंड उघडं होतं. कुणाला तरी हाक मारत असाव्यात.

"टोन बघा," सर म्हणाले. "कळशीवरची चमक बघा. दाणा दिसतोय का कुठं?"

दाणा नव्हता. फोटो अव्वल होता, त्यात वाद नाही. मला मात्र तिथून उठून घरी जावंसं वाटत होतं.

सरांनी प्रिंट बाहेरच्या खोलीत दोरीला लावला आणि खाली खुर्ची घेऊन बसले. वहिनी तीन कप चहा घेऊन आल्या. कप हातात धरूनच त्यांनी फोटो बघितला, बराच वेळ.

"म्हणजे तुम्ही तिथंच होता," त्या म्हणाल्या.

"एकच फ्रेम उरली होती गं," सर म्हणाले. मग जरा थांबून, "पाठवू ना पुण्याला?"

वहिनींनी एक कप मला दिला. एक रसूलला दिला. तिसरा घेऊन त्या सरांच्या समोर बसल्या आणि बशीत ओतून, सावकाश, स्वतः प्यायल्या.