बिनतारीवाले कय्यूमचाचा

अमडापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले त्याला चार वर्षं झाली होती. २०१२ च्या जूनमध्ये पुण्याच्या एका कंपनीनं आम्हाला आठ जुने लॅपटॉप दिले. देताना कंपनीनं आतलं सगळं पुसून टाकलं होतं. सोबत आलेल्या तरुण स्वयंसेवकानं एका दिवसात आठही यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. हे फुकट मिळतं, परवान्याची भानगड नाही, असं तो म्हणाला. मराठी अक्षरं उमटत होती, मुलांना चित्रं काढता येत होती, सगळी खूश होती. फक्त वायफाय चालेना. संध्याकाळच्या एसटीची वेळ झाली तसा तो बॅग भरता भरता म्हणाला, "मॅडम, यातली वायफायची कार्डं लिनक्सला सपोर्टेड नाहीत. तुम्ही सरळ केबल लावा."

केबल आम्ही लावली. टेलिफोनची लाइन आणि मोडेम शाळेच्या ऑफिसात, तर लॅपटॉपची खोली मैदानापलीकडे. टेकडीवरच्या देवीच्या देवळाकडून वानरं उतरायची. पहिली केबल त्यांनी आठवड्यात तोडली, दुसरी तीन दिवसांत. तिसरीचं नाव काढायची माझी हिंमत झाली नाही. लॅपटॉप कपाटात गेले.

ते कपाट कय्यूमचाचांनी उघडायला लावलं.

अब्दुल कय्यूम आमच्याच गावचे. एकतीस वर्षं पोलिसांच्या बिनतारी विभागात काढून, जमादार म्हणून निवृत्त होऊन ते गावी परतले होते. नोकरी बहुतेक घाटाखाली, म्हणजे जिल्ह्याच्या सखल भागात झाली, त्यातही जळगाव जामोदला जास्त. मोर्सची टिकटिक ते विशीत शिकले होते आणि पुढं सेट बदलत गेले तसे प्रत्येक नवा सेट उघडून बघत गेले. गावात त्यांना सगळे बिनतारीवालेच म्हणायचे. पंधरा ऑगस्टच्या दोन दिवस आधी शाळेचा माइक बोलेनासा झाला म्हणून शिपाई त्यांना घेऊन आला. माइक त्यांनी अर्ध्या तासात बोलता केला. हत्यारं पिशवीत भरताना त्यांची नजर काचेच्या कपाटाकडे गेली.

"हे काऊन पडून हायेत मॅडम?"

"त्यांचं वायरलेस चालत नाही, चाचा."

त्यांनी पिशवी परत खाली ठेवली. "चालत नाही म्हंजे काय? ऐकू येत नाही का बोलता येत नाही?"

विज्ञानाची शिक्षिका असून हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

"मंग पहिले ते पाहा लागते," ते शांतपणे म्हणाले. "बिघाड कोठी हाय हे मालूम नसताना सेट भंगारात टाकला असता, तर आमाले सायबानं घरीच पाठवलं असतं."

मुख्याध्यापकांनी एक लॅपटॉप घरी न्यायला परवानगी दिली. पोचपावती कोणी मागितली नव्हती, चाचांनी ती स्वतःहून लिहून दिली, यंत्राच्या नंबरासकट.

कॉम्प्युटर त्यांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जेमतेम हाताळला होता. मी त्यांना काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायला शिकवलं. त्यांचं इंग्रजी बिनतारी संदेशांपुरतं होतं. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत ते टाइप करायचे आणि त्यामुळं त्यांची चूक क्वचितच व्हायची. माझी रोज व्हायची. त्यांनी एक जाड वही सुरू केली. डाव्या पानावर वेळ आणि दिलेला हुकूम, उजव्या पानावर यंत्रानं दिलेलं उत्तर, जसंच्या तसं. ठाण्यातल्या नोंदवहीची सवय होती ती. "जे समजलं नाही ते तर पहिले लिहा," ते मला सांगायचे. "समजलेलं डोक्यात राह्यतेच."

चौथ्या दिवशी वही घेऊन ते मधल्या सुट्टीत शाळेत आले. यंत्र सुरू होताना स्वतःची जी लांबलचक नोंद करतं, ती त्यांनी ओळ न् ओळ उतरवली होती. एका ओळीखाली लाल रेघ होती. कार्ड सापडलं, पण त्याची फर्मवेअरची फाइल सापडली नाही, असं ती ओळ म्हणत होती.

आम्ही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शोधलं. उलगडा झाला तो असा. या कार्डाच्या आत चालणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. यंत्र सुरू झालं की तो दर वेळी कार्डात भरावा लागतो. कार्ड बनवणारी कंपनी तो इतरांना वाटू देत नाही, म्हणून लिनक्सवाल्यांना तो सोबत देता येत नाही. ज्याचं यंत्र त्यानं तो कंपनीच्याच जुन्या फाइलीतून काढून घ्यायचा.

चाचांनी ऐकून मान हलवली. "म्हंजे माणूस ड्युटीवर हजर हाय. त्याले हुकूमच भेटला नाही."

त्यासाठी लॅपटॉप ऑफिसातल्या मोडेमला हातभर वायरनं जोडावा लागणार होता आणि ऑफिस होतं माणिकराव लिपिकांचं. शिष्यवृत्तीचे अर्ज त्या वर्षी ऑनलाइन भरायचे होते, त्यामुळं माणिकरावांना दिवसभर लाइन लागायची. चाचांनी भांडण केलं नाही. साडेचारला माणिकराव उठले की ते स्टुलावर बसायचे आणि सहाला शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला की उठायचे. पहिली फाइल चुकीच्या आवृत्तीची निघाली. दुसरी कार्डानं घेतली, पण पुढं काहीच घडेना. मग कळलं की दोन वेगवेगळे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे लिनक्समधले प्रोग्रॅम, एकाच कार्डावर हक्क सांगत आहेत. त्यातल्या एकाला गप्प बसवावं लागतं. हे सगळं मी आता एका दमात सांगते आहे, पण त्याला अकरा दिवस लागले. त्यातल्या निदान तीन संध्याकाळी मी म्हटलं, "चाचा, राहू द्या." ते "हाव" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी साडेचारला हजर.

बाराव्या दिवशी लॅपटॉपच्या कडेचा निळा दिवा लागला आणि पडद्यावर शाळेच्या नेटवर्कचं नाव आलं. मी टाळ्या वाजवल्या. चाचांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलून धरला आणि ते ऑफिसातून पाठमोरे चालू लागले. प्रत्येक दहा पावलांना थांबून पडद्यावरचा आकडा सांगायचे, मी लिहायचे. मैदान ओलांडून, लॅपटॉपची खोली मागं टाकून, हातपंपापर्यंत गेले. तिथं नाव नाहीसं झालं.

"अठ्ठ्याऐंशी पावलं," ते म्हणाले. "खोली पन्नासवर हाय. पुरते."

त्याच तऱ्हेचं कार्ड आणखी चारांत होतं. ती चार त्यांनी तीन दिवसांत उरकली.

इकडं त्यांच्या घरी वेगळंच चाललं होतं. चाचांची अडीच एकर कोरडवाहू जमीन, सगळी बीटी कपाशी. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती आणि बोंडं धरायच्या वेळी गावभर कपाशीची पानं लाल पडायला लागली. त्याला लाल्या म्हणतात. खुर्शीदाचाची, म्हणजे चाचांच्या पत्नी, शेताचं सगळं बघायच्या. एक दिवस त्या तडक शाळेत आल्या. मला वाटलं, नवऱ्याला न्यायला आल्या.

"मॅडम, सारं गाव सांगून राह्यलं का यायनं डब्ब्यात जीव घातला," त्या म्हणाल्या. "मंग त्या डब्ब्याले विचारा ना, आमची कपाशी लाल काऊन झाली?"

इतक्या दिवसांत हे यंत्र कशासाठी जोडतो आहोत, हा विचार चाचांनी बहुधा केलाच नव्हता. आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. कृषी विद्यापीठाचं एक मराठी माहितीपत्रक सापडलं. मी वाचत गेले, चाची ऐकत होत्या. झाडाला मॅग्नेशियम कमी पडतं, पाण्याचा ताण बसतो, नत्र कमी पडतं. कोणतं खत किती पाण्यात घालून फवारायचं, तेही होतं. चाचींनी दोनदा वाचून घेतलं. चिखलीच्या, म्हणजे तालुक्याच्या गावच्या, एका दुकानदारानं त्यांना भलतंच महागाचं टॉनिक सांगितलं होतं. ते त्यांनी आणलं नाही. कपाशी पूर्ण सावरली नाही, नुकसान व्हायचं ते झालंच, पण खालच्या वावरातली झाडं तगली. दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारच्या बाया मुलांना न्यायला येताना खोलीत डोकावू लागल्या. माहितीपत्रक मी त्या पंधरवड्यात कितीदा वाचलं, त्याची गणती नाही.

उरलेल्या तीनपैकी दोन लॅपटॉपनी मात्र चाचांना खरा घोर लावला. कार्ड सुरू होतं. बाजारपेठेतल्या कोणाचंतरी नेटवर्कसुद्धा त्यांना अंधुक दिसायचं. पण पन्नास पावलांवरचं शाळेचं नेटवर्क दिसत नव्हतं. मी म्हटलं, कार्डच खराब असेल.

"खराब असतं तर दूरचं कसं ऐकलं?" चाचा म्हणाले.

त्यांनी वही मागं मागं चाळली. मग ऑफिसात जाऊन मोडेमच्या पानावर तो कोणत्या चॅनलवर बोलतो ते पाहिलं. तेरा. त्या दोन कार्डांना ऐकू येणाऱ्या चॅनलांची यादी काढली, तर ती अकराच्या पुढं ऐकतच नव्हती. ज्या देशात अकरापर्यंतच परवानगी आहे, त्या देशासाठी ती बनली होती. चाचांनी कार्डाला देश बदलायचा हुकूम देऊन पाहिला. कार्डानं तो मानला नाही, कारखान्यातच भरलेलं होतं ते.

"मंग ठाणंच हलवू," ते म्हणाले आणि माणिकरावांची परवानगी घेऊन मोडेम सहाव्या चॅनलवर आणला. क्षणात दोन्ही लॅपटॉपवर शाळेचं नाव आलं. त्या दिवशी मात्र चाचा खुर्चीत मागं रेलून बराच वेळ हसत बसले. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी ठाण्यांना चॅनल बदलायला लावला असेल.

दिवाळीआधी सात लॅपटॉप चालू होते. सुभद्राबाई नावाच्या एक पालक होत्या, कापूस वेचायला मजुरीनं जायच्या. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी त्या तीनदा चिखलीच्या सायबर कॅफेत जाऊन आल्या होत्या. दर वेळी साइट बंद, दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडालेली. माणिकरावांकडं शंभरावर अर्ज तुंबले होते. चाचांनी सुचवलं की सातही लॅपटॉपवर एकदम अर्ज भरू आणि वेळ ठेवू सकाळी सातची, वेचणीला जायच्या आधीची, लाइनीवर गर्दी नसते तेव्हाची. माणिकराव स्वतः साडेसहाला आले. सातवी-आठवीच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे पालक रांगेत. सुभद्राबाईंच्या मुलीचा अर्ज सव्वासातला गेला. त्यांनी पावतीचा कागद घडी करून पदरात बांधला आणि म्हणाल्या, "इतकंच होतं?" आणि लगबगीनं वावराकडं गेल्या. सहा सकाळींत सगळे अर्ज संपले.

आठवा लॅपटॉप राहिला होता. त्यातल्या कार्डाला ड्रायव्हर ओळखतच नव्हता. मी म्हटलं, सात झाले, पुरे. चाचांना आठवा खुपत होता. लिनक्ससाठी असे ड्रायव्हर लिहिणारे लोक देशोदेशी विखुरलेले असतात आणि त्यांची एक ईमेलची टपालयादी असते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. तिच्यावर त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं. पत्र कसलं, बिनतारी संदेशच तो. कार्डाचा क्रमांक, यंत्राचा क्रमांक, काय केलं, काय उत्तर आलं, इति. विनंती शेवटी एका ओळीत.

पाच दिवसांनी युरोपातल्या एका माणसाचं उत्तर आलं. त्यानं ड्रायव्हरमध्ये थोडा बदल करून पाठवला होता आणि तो तपासाल का, असं विचारलं होतं. मग हे येणं-जाणं चार महिने चाललं. चाचा बदल भरायचे, दहा-दहा पावलं चालायचे, ऊन असताना, ढग असताना, एकदा भिंतीआडून, एकदा गोदरेजच्या कपाटाआडून, आणि आकडे पाठवायचे. त्या माणसानं एकदा विचारलं, तुमची प्रयोगशाळा कुठली? चाचांनी लिहिलं, "शाळेचा व्हरांडा." फेब्रुवारीत कार्ड चाललं. तीस पावलांपुढं तुटायचं, पण चाललं.

त्या बदलाची नोंद पुढं लिनक्सच्या कायमच्या दप्तरात गेली. तपासणाऱ्याचं नाव लिहायची त्यांच्यात रीत आहे. मी ते पान छापून चाचांच्या घरी नेलं. चष्मा लावून त्यांनी सबंध वाचलं, आपल्या नावाच्या ओळीपाशी न थांबता.

"तीस पावलांचं लिहिलं नाही यायनं," ते म्हणाले. "पुढच्या माणसाले मालूम असलं पाह्यजे." त्याच आठवड्यात त्यांनी तसं कळवलं.

खुर्शीदाचाचींनी तो कागद माझ्याकडून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. "नाव कोठी हाय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी कागद रेशनकार्डाच्या फाइलीत घातला.

नंतर चाचांच्या वहीवरून आम्ही मराठीत चौदा पानांची पुस्तिका केली. काय जमलं ते आणि काय जमलं नाही तेही त्यात आहे. दुसरा भाग लहान करू का म्हटल्यावर ते ठाम नाही म्हणाले. तिच्या झेरॉक्स प्रती तालुक्यात फिरल्या. ज्या शाळांना पुस्तिकेवरून जमलं नाही, तिथं चाचा स्वतः जायचे, एसटीनं. २०१४ च्या हिवाळ्यात जळगाव जामोदहून बोलावणं आलं तेव्हा चाचीही निघाल्या, तिथं त्यांची जुनी शेजारीण होती. शाळेत एकोणीस लॅपटॉप होते. चाचा दोन दिवस बसले. निघताना शाळेनं शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि मुख्याध्यापिकांनी भाषणात सांगितलं, की चाचांनी आमचे सगळे लॅपटॉप चालू करून दिले.

चाचा उभे राहिले. "सोळा चालू झाले," ते माइकवर म्हणाले. "तीन नाही झाले. त्यायचे नंबर फळ्यावर लिहून ठेवले हायेत, पुसू नका. मी मार्चात पुन्हा येतो."

मार्चमध्ये ते पुन्हा जळगाव जामोदला गेले.